घाटमाथा आणि मोटारीचे पाणी

बीड शहरातून सोलापूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले म्हणजे आरंभी वाट बिंदुसरेच्या खोऱ्यातून जाते. या वाटेवर प्रसिद्ध खजाना बावडी आहे, पाली गावाजवळचा मोठा तलाव आहे. पुढे रस्ता बालाघाटच्या डोंगरास भिडतो व वळणे घेत वर चढू लागतो. चढ संपतो तेथे मांजरसुंबा. धुळे-सोलापूर हा हमरस्ता आणि अहिल्यानगरकडून पाटोद्यावरून येऊन केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता, हे दोन्ही या ठिकाणी एकमेकांस छेदतात. या चौकात उभे राहून आजवर येथून कोणकोणती वाहने गेली असतील याचा विचार करू लागले, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. घाट चढून आलेली प्रत्येक मोटार तापलेली असते, आणि अंगातील उष्णता टाकून देण्यासाठी तिला पाणी हवे असते. आता पाणी हीच तर आमच्या बालाघाटावरील सर्वांत दुर्मीळ वस्तू!

मोटारीचे चरित्र लिहिणारे ग्रंथकार पेट्रोलविषयी लिहितात, वेगाविषयी लिहितात, कारखानदारांच्या संपत्तीविषयी तर फारच आवडीने लिहितात. पाण्याविषयी लिहिण्यास त्यांस सहसा सवड होत नाही. मी आज त्या पाण्याविषयी, आणि ते थंड करणाऱ्या रेडिएटर नावाच्या जाळीदार पेटीविषयी बोलणार आहे. त्यास निमित्तही तसेच घडले. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या जुन्या व्हॅनचा रेडिएटर आम्ही आमच्याच अंगणात उतरवून त्या जागी नवा बसविला. त्या कामाची हकीकत पुढे येईलच. परंतु ती समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

एंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळते, तेव्हा त्यातील शक्तीचा स्थूलमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो. दुसरा तृतीयांश धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेला एंजिनाच्या अंगात शिरतो. ही उष्णता वेळच्या वेळी काढून घेतली नाही, तर वंगणाचे तेल पातळ होऊन निरुपयोगी होते, पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो, आणि गाडी जागच्या जागी बसते. म्हणून एंजिनाच्या पोटात पाणी खेळवावयाचे, तेथे तापलेले पाणी बाहेर आणून वाऱ्यावर निववावयाचे, व पुन्हा आत सोडावयाचे, अशी योजना करावी लागते. पाणी निवविण्याची जागा म्हणजे रेडिएटर.

पहिल्या मोटारीस मात्र ही जागाच नव्हती. जर्मनीतील मानहाइम येथील कार्ल बेन्झ याने आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी २९ जानेवारी १८८६ रोजी अर्ज केला. त्या गाडीत एंजिनाभोवती पाणी असे. ते तापून उकळे, वाफ होऊन उडून जाई, आणि उडेल तितके पुन्हा ओतावे लागे. या व्यवस्थेची खरी परीक्षा बेन्झच्या पत्नीने घेतली. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बर्टा बेन्झ ही बाई आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्यास न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइम या आपल्या माहेरगावी मोटारीने निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधन संपले ते तिने एका औषधाच्या दुकानातून घेतले; इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या टाचणीने मोकळी केली. या दोन गोष्टी पुष्कळ ठिकाणी छापलेल्या आढळतात. मला स्वतःला तिसरी अधिक महत्त्वाची वाटते. ठिकठिकाणी थांबून तिला गाडीत पाणी भरावे लागले, आणि चढाच्या जागी मुलांना खाली उतरून गाडी ढकलावी लागली. ज्याने आमच्याकडच्या जुन्या घाटवाटेने मोटारीचा प्रवास केला आहे, त्यास ही कथा परदेशची वाटणार नाही. जगातील मोटारीचा पहिला लांबचा प्रवास पाणवठ्यांवर थांबत थांबत झाला, आणि तो माहेरी जाणाऱ्या एका स्त्रीने केला, हे आपल्या भगिनीवर्गाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पाणी उडवून न देता तेच तेच पाणी पुन्हा वापरण्याची युक्ती पुढे अनेकांनी काढली. परंतु ती पूर्णत्वास नेली विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञाने. एमिल येलिनेक नावाच्या धनिकाच्या मागणीवरून त्याने ३५ अश्वशक्तीची एक मोटार तयार केली. येलिनेकने तिला आपल्या कन्येचे नाव दिले. तीच १९०१ सालची पहिली मर्सिडीज. तिच्या तोंडावर मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी एक पेटी होती. त्या पेटीत ६ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी तोंडाच्या ८०७० बारीक नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाई व नळ्यांमधील फटींतून पाणी उतरे. मागे पंखा होता. गाडी सावकाश चालत असली तरी तो वारा ओढून घेई. पूर्वी १८ लिटर पाणी लागे, तेथे आता ९ लिटरांत भागू लागले. पाणी पातळ पापुद्र्यासारखे पसरून वाऱ्यास दाखवावयाचे, एवढेच यातील मर्म. आपणही घाईच्या वेळी चहा बशीत ओततो तो याच तत्त्वावर! मायबाखच्या त्या पेटीनंतर रेडिएटरच्या मूळ कल्पनेत फारसा फरक पडलेला नाही. नळ्यांचा आकार बदलला, धातू बदलले, काम तेच राहिले.

यानंतर अमेरिकेत हेन्री फोर्डने १९०८ पासून आपली टी नमुन्याची मोटार काढली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटीवर गाड्या निघाल्या. आरंभीच्या काही गाड्या सोडल्या तर तिच्यात पाणी फिरविणारा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे, रेडिएटरच्या माथ्यावर येई, तेथून निवत निवत खाली उतरे, आणि तळाच्या नळीने पुन्हा एंजिनात शिरे. ज्यांच्या घरी पूर्वी तांब्याचा बंब होता त्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको. बंबात गार पाणी तळाशी जाते व ऊन पाणी वर राहते, त्याच न्यायाने ही गाडी चाले. पंप नाही म्हणून पंप बिघडण्याची भीती नाही, हा मोठाच सोयीचा भाग. पण पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली गेली की फिरणे बंद, आणि लांबलचक चढावर तर पाणी हटकून उकळावयाचे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. बीड शहरास रेल्वे नव्हती. उत्तरेकडे जालना हे स्टेशन, दक्षिणेकडे १८९७ साली सुरू झालेली व १९११ साली लातूरपर्यंत पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे. मधला सारा प्रदेश बैलगाडीचा आणि पुढे मोटारीचा. अहिल्यानगरकडे जाणारी पहिली आगगाडी बीडहून सुटण्यास २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. तोपर्यंत या शहराची जावक-आवक रस्त्यावर, म्हणजे दक्षिणेकडील सगळी या घाटावर अवलंबून होती. तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात निजाम स्टेट रेल्वेने १९३२ च्या जून महिन्यात २७ बसगाड्या घेऊन सरकारी मोटार वाहतूक सुरू केली. तिच्या जोडीला खाजगी सर्व्हिस मोटारी होत्याच. मोटार भरल्याशिवाय सुटावयाची नाही, आणि भरली म्हणजे तिच्या टपावरही माणसे, अशी त्या काळची रीत.

या गाड्यांबरोबर ड्रायव्हरखेरीज आणखी एक मनुष्य असे, तो किन्नर. क्लीनर या इंग्रजी शब्दाचे हे आमचे रूप. गाडी पुसणे हे त्याचे नावापुरते काम. त्याचे खरे काम पाण्याचे. गाडीच्या पुढल्या अंगास कॅनव्हासची छागल टांगलेली असे, आत एक-दोन डबे भरून ठेवलेले असत. चढावर गाडी तापली, झाकणाखालून वाफ येऊ लागली, की ड्रायव्हर गाडी कडेला घेई. किन्नर उडी टाकून मागच्या चाकाखाली मोठा दगड लावी, बोनेट उघडी, आणि वारा लागू देई. उतारू उतरून झाडाखाली बसत. मग बऱ्याच वेळाने ओले पोते हातावर घेऊन, तोंड बाजूला करून, तो रेडिएटरचे झाकण हळूहळू फिरवी. येथे उतावळेपणा करणाऱ्याचा हात व तोंड भाजल्याशिवाय राहत नसे. तापलेल्या एंजिनात एकदम गार पाणीही ओतावयाचे नाही, लोखंड तडकते. एंजिन हळू चालू ठेवून थोडे थोडे पाणी द्यावयाचे. हे सारे शास्त्र त्या किन्नराने कोणत्याही पुस्तकात वाचलेले नसे. शाळेत ज्यांस मी वर्षानुवर्षे उष्णतेचा धडा शिकविला, त्यांच्यापैकी किती जणांस ते इतके पक्के समजले असेल, याची मला शंका आहे.

घाटमाथ्यावर पाणी लवकर का उकळते, यासही कारण आहे. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीस पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. बालाघाट काही महाबळेश्वर नव्हे. तरी तापलेल्या गाडीस ते दोन अंशही महागात पडतात. पुढे यावर तोड निघाली ती झाकणात. झाकणास स्प्रिंग लावून पाणी दाबाखाली कोंडून ठेवले, म्हणजे ते शंभरावर उकळत नाही. सुमारे १२० अंशांपर्यंत दम धरते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मोटारींत हे दाबाचे झाकण हळूहळू सर्वत्र आले. फुगलेले पाणी शेजारच्या बाटलीत जावे व गाडी निवल्यावर परत यावे, अशीही सोय पुढे झाली. पाणी झाकून खेळविले म्हणजे टिकते, हे तत्त्व आमच्या प्रांतास नवे नाही. घाटाच्या पायथ्याची खजाना बावडी सोळाव्या शतकात, मुर्तजा निजामशहाच्या अमदानीत सलाबतखानाने बांधविली. तिला जमिनीखालून बोगदे आहेत. दोहोंतून पाणी आत येते व एकातून बाहेर शेतीबागांकडे जाते. सूर्याची दृष्टी पडू न देता पाणी नेण्याची ही रीत ज्यांनी योजिली, त्यांस रेडिएटरच्या झाकणाचे काम कळावयास वेळ लागला नसता.

महायुद्धाच्या काळात घाटाची कसोटी आणखी कडक झाली. पेट्रोलवर निर्बंध आले, आणि हिंदुस्थानभर कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी निघाल्या. गाडीच्या अंगास एक भट्टी जोडावयाची, तीत कोळसा पेटवावयाचा, आणि निघालेला वायू निववून, गाळून एंजिनात सोडावयाचा. या वायूने एंजिनाची शक्ती पुष्कळ घटे. सपाटीवर गाडी कशीबशी चाले; चढ आला की उतारूंनी उतरावे व खांदा लावावा. बर्टा बेन्झच्या मुलांचे काम अर्ध्या शतकानंतर आमच्या वडीलधाऱ्यांच्या वाट्यास आले, असे म्हणावयास हरकत नाही.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला मुंबई राज्याची पहिली एस. टी. गाडी धावली. नगरच्या पूर्वेस, आमच्या बाजूस, त्या दिवशी अद्याप निजामाची हद्द होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला, व १९६० साली महाराष्ट्रात. लाल गाडी घाट चढू लागली. तिच्यातही ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याचा डबा असेच.

या पाण्याची किंमत काय, हे १९७२ च्या दुष्काळात मी पाहिले. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. दुष्काळी कामांवर माणसे रस्त्याच्या कडेला खडी फोडीत बसलेली असत. आज ज्या सडकांवरून आपण भरधाव जातो, त्यांतील कित्येकांच्या पोटात त्या दोन वर्षांतील खडी आहे. विहिरींनी तळ गाठलेला. बायका एका घागरीसाठी कोसभर जात. अशा वेळी घाट चढून आलेला एखादा मालमोटारवाला दाराशी येऊन पाणी मागे. स्वतःसाठी नव्हे, गाडीसाठी. तान्हेल्या माणसास नाही म्हणणे आमच्या संस्कृतीत बसत नाही. पण तान्हेल्या यंत्रास काय म्हणावयाचे? गाडीत बहुधा आमच्याच भागासाठी आलेले धान्य असे. माझी आई घरातील भांडी घासल्याचे पाणी वर निवळून निराळे ठेवी, व ते त्यास देई. ते पाणी रेडिएटरच्या प्रकृतीस मानवत नसेल हे तिला कोण सांगणार, आणि सांगून तरी उपयोग काय होता?

येथे आपण दुखण्याच्या मुळाशी आलो. दख्खनच्या काळ्या खडकातून झिरपून आलेले विहिरीचे व विंधनविहिरीचे पाणी बहुतेक ठिकाणी दुष्फेन असते. साबणाचा फेस त्यात लवकर येत नाही. त्यातील चुन्याचे क्षार तापल्यावर वेगळे होऊन भांड्याच्या तळास बसतात. पाणी तापविण्याच्या पातेल्यात जे पांढरे पूट आपण पाहतो, तेच रेडिएटरच्या नळ्यांतून बसते. त्यात एंजिनाच्या आतल्या गंजाची भर पडते. नळीचे तोंड मुळात चपटे व अरुंद. पूट चढत चढत ते बुजते. मग पाणी फिरत नाही, गाडी तापते, तापली की मालक आणखी पाणी ओततो, म्हणजे आणखी क्षार ओततो.

यावर उपाय करणारे कारागीर रस्त्यांच्या गावी निर्माण झाले. रेडिएटर दुरुस्तीचे दुकान म्हणजे बाहेरून पाहिले तर काळवंडलेले एक खोपटे. आत एक पाण्याचा हौद, एक स्टोव्ह व सांडशी. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा. कारागीर त्याची वरची व खालची पितळी टाकी तापवून सोडवी, नळ्यांतून एकेक करून पोलादी पट्टी घालून पूट खरवडून काढी, फार गेलेली नळी दोन्ही तोंडांशी बुजवून टाकी, आणि टाक्या पुन्हा कथील-शिशाच्या मिश्रणाने डाग देऊन बसवी. मग सर्व तोंडे बंद करून आत हवा भरावयाची व पेटी हौदात बुडवावयाची. जेथून बुडबुडा तेथे गळती. आपल्या वाड्यावस्तीतून फिरणारा कल्हईवाला नवसागर टाकून तांब्यावर कथील पसरवी, त्याचाच हा सोयरा धंदा. युरोपात शोध लागलेली वस्तू आमच्या गावातील भात्यापाशी बरी होऊ शकत होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. परदेशी यंत्र आपल्याकडे आले म्हणजे ते आपले केव्हा होते? माझ्या मते ते येथे विकले जाते तेव्हा होत नाही. ते येथे दुरुस्त होते तेव्हा होते.

घरगुती व लहान व्यापाराच्या वाहनांचा इतिहास याच सुमारास आमच्या शेजारून सुरू झाला, तोही सांगितला पाहिजे. अहमदनगरच्या नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली मुंबईच्या गोरेगावात, हाम्बुर्ग येथील टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने, तीनचाकी मालगाडी बनविण्यास प्रारंभ केला. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीस गेला. टेम्पो हे त्या जर्मन कारखान्याचे नाव; मराठीत मात्र कोणत्याही लहान मालगाडीस टेम्पो म्हणण्याचा प्रघात पडला, आणि आज तो शब्द परका आहे असे सांगितले तर कोणास खरे वाटणार नाही. याच कारखान्यातून १९६९ पासून मॅटाडोर निघू लागली. वऱ्हाड, भाजीपाला, दूध, शाळेची मुले, यात्रेकरू, मॅटाडोरने काय वाहिले नाही? कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनास कार्तिकी पौर्णिमेला येणारी मंडळी अशा गाड्यांतून आमच्या चौकात उतरताना मी पाहिलेली आहेत. गंमत अशी की, हाम्बुर्गच्या कारखान्याने १९४९ साली या नावाची जी पहिली गाडी काढली, तिला फोक्सवागनचे वाऱ्याने निवणारे एंजिन होते; म्हणजे मूळच्या मॅटाडोरला रेडिएटरच नव्हता! आमच्याकडे आलेली मात्र पाण्याची होती. १९८४ पासून गुडगावच्या मारुती कारखान्याची लहान व्हॅनही निघू लागली, आणि मध्यम स्थितीच्या कुटुंबांनी प्रथमच घरची चारचाकी दाराशी उभी केली.

आमची व्हॅनही अशीच जुनी, हातांतून हात बदलत आलेली. कोणत्या कारखान्याची हे सांगण्याचे कारण नाही. इतकी वर्षे वापरलेल्या वस्तूने म्हातारपणी थकावे यात कोणाचा दोष? गेल्या चैत्रात घाट चढताना काटा लाल रेघेकडे जाऊ लागला, आणि सकाळी गाडीखाली ओल दिसू लागली. चिरंजीवांनी रेडिएटर उतरविला व आम्ही तो बीडच्या एका वृद्ध कारागिराकडे नेला. त्याने पेटी उजेडासमोर धरली, नखाने जाळीस स्पर्श केला, तशी ती भुकटीसारखी झडली. तो म्हणाला, “गुरुजी, टाक्या चांगल्या हायेत, पण जाळी खलास झाली. कुठं कुठं डाग देऊ? नवा बसवा.” डाग देऊन दोन महिन्यांची मजुरी तो सहज घेऊ शकला असता. त्याने ती घेतली नाही. पूर्वी अशा वेळी टाक्या त्याच ठेवून मधली जाळी तेवढी नवी घालीत. आता तांब्याची जाळी मिळणे कठीण व महाग.

नवा रेडिएटर आणला तो अॅल्युमिनियमचा, प्लास्टिकच्या टाक्यांचा. अॅल्युमिनियम तांब्याहून तिपटीने हलके; म्हणून हल्लीच्या गाड्यांत सर्वत्र तेच. पण त्यास नेहमीचा डाग धरत नाही, आणि टाकी तडकली तर जोडता येत नाही. बिघडला की टाकावयाचा. चिरंजीव म्हणाले, “अण्णा, हा दहा वर्षं टिकला तरी पुष्कळ झालं.” हिशेब बरोबर आहे. हिशेबात न बसणारी गोष्ट एवढीच, की त्या वृद्ध कारागिराच्या भात्याशी आता शिकावयास कोणी बसत नाही.

बसविण्याचे काम आम्ही रविवारी सकाळी गार गाडीवर केले. प्रथम चाकांखाली दगड लावले व बॅटरीची ऋण तार सोडविली. कारण विजेचा पंखा केव्हा आपण होऊन फिरू लागेल याचा नेम नसतो. एंजिनातील उरलेसुरले पाणी घमेल्यात काढले. ते काढ्यासारखे तांबूस निघाले. मग बागेच्या नळीने साधे पाणी एंजिनातून इतके सोडले की खाली स्वच्छ दिसू लागले. ही पायरी कंटाळा करून गाळतात, आणि मग जुना गंज नव्या नळ्यांत जाऊन बसतो. जुना व नवा रेडिएटर शेजारी ठेवून नळ्यांची तोंडे, बोल्टांची छिद्रे व पंख्याची बैठक ताडून पाहिली. रबरी नळ्या कडक झाल्या होत्या, त्याही बदलल्या. सत्तर-ऐंशी रुपयांचा लोभ धरून नव्या पेटीस जुनी नळी लावण्यात शहाणपण नाही. खालच्या रबरी बैठकीवर पेटी अलगद टेकविली आणि बोल्ट हाताने घेऊन मग पान्याने बेताने आवळले. पितळेस जसा जोर चाले तसा प्लास्टिकला चालत नाही.

भरावयाचे ते विहिरीचे पाणी नव्हे. ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट निम्मेनिम. या कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. त्याने पाणी उशिरा उकळते व थंड मुलखात गोठत नाही, आणि त्यातील इतर द्रव्यांमुळे धातू गंजत नाही. परंतु श्रोतेहो, हे द्रव्य गोड असते व विषारी असते. अंगणात सांडलेले मांजराने, कुत्र्याने चाटले तर ते मरते. लहान मुलाच्या पोटात गेले तर त्याच्याही जिवावर बेतते. म्हणून ते झाकणाच्या डब्यात ठेवावे, मोरीत किंवा गटारात ओतू नये. झाकण उघडे ठेवून गाडी चालू केली. आतली हवा बुडबुड्यांनी निघत गेली, पातळी उतरेल तसतसे भरीत गेलो. थर्मोस्टॅट उघडला तशी खालची नळी हातास ऊन लागली, म्हणजे पाणी फिरू लागले. मग पंखा लागला व थांबला. दुसऱ्या दिवशी गार गाडीत पातळी पुन्हा पाहिली व बीडला जाऊन घाट चढून आलो. काटा मध्यावरून हलला नाही.

आता हमरस्ता चौपदरी झाला आहे. घाटाची वळणे रुंद झाली. चौकातील पेट्रोलपंपांवर रंगीत कूलंटच्या बाटल्या मिळतात. मालमोटारी येतात, ड्रायव्हर चहा घेतात व निघून जातात. गाडीसाठी दाराशी येऊन पाणी मागणारा मनुष्य मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही.

जुन्या रेडिएटरच्या पितळेस मोडीत बरा भाव येत होता. मी त्याच्या टाक्या दिल्या व जाळीचा एक तुकडा करवतीने कापून ठेवून घेतला. शेजारची मुले विज्ञानाच्या प्रदर्शनासाठी काही मागावयास आली, तेव्हा तो त्यांस दाखविला. नळीच्या तोंडात पांढरट-तांबूस पूट थरावर थर बसलेले आहे. मधे टाचणी जाईल एवढीच फट. ही गाडी पूर्वी कोणाकोणाकडे होती, तिने कोठले कोठले पाणी घेतले, याची नोंद कोठे असेल तर ती या थरांत. एका मुलीने त्यावर लिंबाचा रस पिळला. पूट फसफसू लागले, बुडबुडे आले. चुन्याचा क्षार आणि आम्ल एकत्र आले म्हणजे कोणता वायू निघतो, हे मी विचारण्यापूर्वीच तिने सांगून टाकले.